टाच, घोटा, पोटरी... आईचं नेमकं काय दुखायलंय तेच कळंना

निलंग्याचा_पोरगा:
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहायलोय, सांभाळून घ्या. आईचं वय ५४, अंगणवाडीत मदतनीस, घरी थोडी सोयाबीन-तूर, त्यामुळं बसून राहणं हा प्रकार नाहीच. दिवाळीच्या आसपास पाय दुखायला लागले ते काही थांबंना. आता पाय दुखतो म्हणलं की ती कधी टाच दाखवते, कधी घोटा, कधी पोटरी, कधी म्हणते तळव्याची आग होतीय. प्रत्येक वेळी वेगळीच जागा, बाप म्हणतो हिचं रोजचंच आहे.

एका ठिकाणी दाखवलं तर टाचेचा एक्सरे काढला, म्हणले टाचेचं हाड वाढलंय, इंजेक्शन घ्या नाहीतर ऑपरेशन. दुसरीकडं युरिक ॲसिड तपासा म्हणले, ते नॉर्मल आलं. शेजारचे म्हणतेत वात आहे. शुगर आहे तिला ७-८ वर्षांपासून, गोळ्या चालू आहेत, बीपीची पण गोळी आहे. नवरात्रात नऊ दिवस अनवाणी असते आणि कोजागिरीला तुळजापूरला चालत जायचा नवस होता तो पण यंदा फेडला, चप्पल न घालता. पावसाळ्याआधी रानात भेगाळलेल्या जमिनीत पाय अडकून घोटा मुरगळला होता, घरचे सगळे त्यालाच दोष द्यायलेत.

विचारायचं हे की ऑपरेशनच करावं लागतंय का, आणि हाडाच्या डॉक्टरला दाखवावं का नसांच्या?

गंगाखेडची_काकू:
बाळा ऑपरेशनच्या नादी लगेच लागू नका. मला पण असंच होतं, सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला की टाचेत खिळा घुसल्यागत व्हायचं, भिंत धरून न्हाणीपर्यंत जायचं, मग दहा-पंधरा पावलं चाललं की जरा बरं. मलाबी हाड वाढलंय म्हणले होते. माझ्या भावजयीनं सांगितलं की घरात शहाबादी फरशीवर अनवाणी फिरायचं बंद कर, मऊ चप्पल घाल, स्वयंपाकाला उभं राहतानासुद्धा. सासूबाई होत्या तोवर घरात चप्पल घालायची सोय नव्हती, आता कोण बोलायचंय. वर्षाच्या आत कमी झालं. रुईच्या पानाला तेल लावून टाचेवर ठेवायचं आणि गरम विटेचा शेक द्यायचा, तेबी करून बघा, आराम पडतो.

फिजिओ_अंबाजोगाई:
काकूंचं चपलेचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. पण विटेचा शेक या आईंना देऊ नका, कृपा करून. इतकी वर्षं शुगर आहे आणि तळव्याची आग होते म्हणताय, म्हणजे पायाची संवेदना कमी झालेली असू शकते. अशा पायाला वीट किती गरम आहे ते कळत नाही, फोड येतो, त्याची जखम होते आणि मग महिनोन्महिने ड्रेसिंग. असे पेशंट मी दर हिवाळ्यात बघते. गरम पाण्याच्या पिशवीचं पण तेच आणि बर्फाचं पण तेच.

दादा, तुम्ही लिहिलंय प्रत्येक वेळी वेगळी जागा दाखवतात म्हणून, तर मला वाटतं त्या खरंच वेगवेगळं सांगतायत आणि आपण सगळे ते एकाच पोत्यात भरतोय. पाय दुखणं हा काही एक आजार नाही. कुठं दुखतंय, कधी दुखतंय आणि कशानं कमी होतंय हे तिन्ही कळल्याशिवाय एक्सरे बघून उपयोग नसतो. एवढं विचारून सांगा: टाच सकाळी जास्त दुखते का संध्याकाळी? घोटा आतल्या बाजूनं दुखतो का बाहेरच्या? सूज एका पायाला आहे का दोन्हीला? पोटरी चालताना दुखते का रात्री गोळा येतो? आग रात्री पडल्यावर वाढते का? आणि त्यांना एका पायावर उभं राहून टाच वर उचलता येते का, भिंतीला हात लावून, दोन्ही पायांचं वेगवेगळं बघा.

निलंग्याचा_पोरगा:
ताई तुम्ही विचारलेलं सगळं आज बसून विचारलं, आई म्हणाली पहिल्यांदा कुणीतरी नीट विचारायलंय. टाच: दोन्ही दुखतेत पण उजवी जास्त, सकाळी उठल्यावर पहिली पावलं आणि अंगणवाडीत तासभर बसून उठली की परत. घोटा: फक्त उजवा, आतल्या बाजूनं, हाडाच्या खाली मागं. सूज: दोन्हीला संध्याकाळी येते, बोट दाबलं की खड्डा पडतो, सकाळी उतरलेली असते. पोटरी: रात्री गोळा येतो कधीमधी, चालताना नाही. आग रात्रीच, चादर पण नको वाटते पायावर. टाच उचलायचं: डाव्या पायावर जमलं, उजव्यावर जमलंच नाही, मी धरलं तरी नाही.

फिजिओ_अंबाजोगाई:
छान, यातून बरंच कळलं. हे बघा, फोनवरून निदान होत नसतं, पण डॉक्टरकडं काय घेऊन जायचं ते तरी स्पष्ट होतंय. मला यात कमीत कमी चार गोष्टी दिसतात, चारींची कारणं वेगळी.

पहिली टाच. तळव्याखाली टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत एक जाड पट्टा असतो, त्याला प्लांटर फॅशिया म्हणतात. दिवसभर उभं राहणं, वजन, कडक पोटऱ्या, पातळ झिजलेली स्लीपर नाहीतर अनवाणी चालणं, यानं टाचेच्या हाडाला तो जिथं चिकटतो तिथं ताण येतो. रात्री पाय सैल पडतो, पट्टा आखडून राहतो आणि सकाळी पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो, म्हणून ती कळ. पहिली पावलं दुखणं, चालल्यावर कमी होणं, बसून उठलं की परत, हे त्याचंच लक्षण. सवय नसताना नऊ दिवस अनवाणी आणि लगेच डांबरी रस्त्यानं तुळजापूर, म्हणजे पट्ट्यावर एकदम केवढा भार आला बघा. नवसाला माझा विरोध नाही, मी पण जाते, पण बूट घालून जाते, आईसाहेब काही रागावत नाहीत.

आणि ते वाढलेलं हाड. एक्सरेत टाचेखाली जी चोच दिसते ती टाच अजिबात न दुखणाऱ्या कितीतरी लोकांच्या एक्सरेतही दिसते. दुखणं बहुतेक वेळा त्या चोचीचं नसतं, पट्ट्याचं असतं. त्यामुळं चोच काढायला ऑपरेशन हा पहिला इलाज नाही, बाकी सगळं करून महिने गेल्यावर एखाद्यालाच लागतो. इंजेक्शननं काही आठवडे आराम पडतो हे खरं, पण स्टेरॉइडचं असेल तर शुगर वाढते, आणि परत परत घेतलं तर टाचेखालची चरबीची गादी पातळ होते, कधी पट्टाच फाटतो. बहुतेकांची टाच व्यायाम आणि चपलेनं वर्षाच्या आत बरी होते, पण इथं धीर कुणाला आहे.

व्यायाम असा: सकाळी पलंगावरून उतरायच्या आधीच दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर ठेवायचा, हातानं पायाची बोटं नडगीकडं ओढायची, तळव्यात पट्टा ताठ झालेला हाताला लागतो, १० पर्यंत मोजायचं, असं १० वेळा. दिवसातून तीनदा. शिवाय भिंतीला हात लावून पोटरी ताणायची, मागचा गुडघा सरळ, टाच जमिनीला टेकलेली, ३० सेकंद. दोनचार दिवसात फरक पडत नाही, सहा-आठ आठवडे नेटानं करावं लागतं.

दुसरा घोटा, आणि याची मला टाचेपेक्षा जास्त काळजी वाटते. पाय मुरगळतो तेव्हा बहुतेक वेळा तळवा आत वळतो आणि बाहेरच्या बाजूचे लिगामेंट ताणले जातात, म्हणजे दुखायला हवं बाहेरून. आईंचं दुखतंय आतून आणि उजव्या पायावर टाच उचलता येत नाही. पोटरीतून एक स्नायूची दोरी (टेंडन म्हणतो आम्ही) आतल्या घोट्यामागून तळव्याकडं जाते आणि पायाची कमान उचलून धरते. ती झिजली की कमान हळूहळू बसते, पाय सपाट होतो. पन्नाशीच्या बायका, वजन, शुगर, बीपी, यात हे जास्त दिसतं आणि कुणी बघतच नाही. आईंना पाठमोरं उभं करून मागून फोटो काढा. उजव्या बाजूला टाच बाहेरच्या अंगाला कललेली दिसली आणि बाहेरून डाव्यापेक्षा जास्त बोटं दिसली तर हेच असण्याची शक्यता जास्त. हे लवकर धरलं तर आधाराची इनसोल, ब्रेस आणि व्यायामावर भागतं, उशीर झाला तर सांधे कडक होतात आणि मग खरंच ऑपरेशनची भाषा येते. म्हणून हाडाच्या डॉक्टरकडं जाच, पण टाचेसाठी नाही तर घोट्यासाठी, आणि उभं राहून काढलेला एक्सरे मागा, झोपवून काढलेल्यात कमान बसलेली नीट कळत नाही.

तिसरी रात्रीची आग, ती बहुतेक शुगरनं कमजोर झालेल्या नसांची. चौथी सूज. त्यावर उद्या लिहिते, ओपीडी सुरू झाली.

मेडिकलवाला_नांदेड:
ताई, सुजेचं मी सांगू का, आमच्या काउंटरवर हे रोज येतं. दादा, आईच्या बीपीच्या गोळीच्या पाकिटावर ॲम्लोडिपिन लिहिलंय का बघा. त्या गोळीनं काही लोकांचे घोटे सुजतात, दोन्ही, संध्याकाळी जास्त, डोस १० एमजी असला की आणखी जास्त. लोक येतात आणि सूज उतरायची गोळी द्या म्हणतात, म्हणजे गोळीच्या सुजेवर आणखी गोळी. पण मनानं बंद करू नका, बीपी चढेल, ज्यांनी लिहिलीय त्यांनाच विचारा, बदलून देतात.

दुसरं, शुगरला मेटफॉर्मिन चालू असेल, बऱ्याच वर्षांपासून, तर बी १२ कमी होतं. त्यात माणूस माळकरी असला, अंडं-मटण नाही, तर अजूनच. बी १२ कमी असलं तरी पायाला मुंग्या आणि आग होते, सगळं शुगरवर ढकलू नका, एकदा तपासून घ्या.

आणि तिसरं, माझा धंदा असून सांगतो, दुखलं की डायक्लोफिनॅक घ्यायची सवय लावू नका. बीपी-शुगरवाल्या माणसाच्या किडनीला ते परवडत नाही.

निलंग्याचा_पोरगा:
ॲम्लोडिपिनच आहे की ओ! आणि १० चीच आहे. मेटफॉर्मिन पण आहे, आई माळकरी, पंधरा वर्षांपासून. आतापर्यंत कुणी म्हणलं नाही.

भरती_करणार_हिंगोली:
ताई मधे घुसायलोय पण माझं पण बघा. पोलीस भरतीची तयारी करायलोय, १६०० मीटरसाठी रोज पहाटे डांबरी रोडवर पळतो कारण ग्राउंडवर चिखल आहे. नडगी दुखायलीय दोन्ही पायांची, आतल्या कडेनं. अकॅडमीचे सर म्हणतेत दुखणं अंगावर काढायचं, पळत राहिलं की जातंय. बूट मित्राचे आहेत, जुने. काय करू?

मैदान_परभणी:
भावा सरांचा मान ठेवून सांगतो, असं अंगावर काढून बसलेली पोरं मी लई बघितली, ऐन ग्राउंडच्या तारखेला लंगडत आलेली. हाताचा पंजा ठेवावा एवढ्या लांब पट्ट्यात नडगीच्या आतल्या कडेला दुखतंय, पळायला सुरू केलं की दुखतंय आणि नंतर कमी होतंय, तर ती शिन स्प्लिंट, म्हणजे हाडावरच्या आवरणाला सहन होईना इतका मार बसायलाय. पण एका बोटानं दाखवता येईल एवढ्याच जागी दुखत असेल, रात्री पडल्यावर पण ठणकत असेल, एका पायावर उडी मारली की तिथंच कळ येत असेल तर हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते, स्ट्रेस फ्रॅक्चर. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यात एक्सरेत ती दिसत पण नाही, मग पोरगं म्हणतं एक्सरे नॉर्मल आलाय आणि परत पळतं.

कारण एकच, शरीराला सवय व्हायच्या आत किलोमीटर वाढवणं. भरतीची जाहिरात आली की काल घरी बसलेली पोरं आज दहा किलोमीटर पळतेत. त्यात खाणं दोन भाकरी आणि ठेचा, झोप नाही, बूट झिजलेले. पळणं काही दिवस थांबव, बांधावर नाहीतर मुरमाच्या रस्त्यावर चाल, नंतर एक दिवसाआड थोडं थोडं वाढव. बूट स्वतःचे घे, महागडेच पाहिजेत असं काही नाही, पण तुझ्या मापाचे.

पाटोद्याकडचा:
इथं जाणकार माणसं दिसायलीत म्हणून माझ्या चुलत्याचं विचारतो. वय ४६, ऊसतोडीला जातो, कोयता त्याचा आणि चुलतीचा. यंदा अर्ध्या सीझनमधून परत आला. थोडं चाललं की डाव्या पोटरीत गोळा येतो, उभा राहिला की दोन-तीन मिनिटात जातो, परत तेवढंच चाललं की परत येतो. मोळी उचलून गाडीवर चढणं जमंना झालं. मुकादम म्हणतो नाटक करायलाय, उचल (आगाऊ पैसे) घेतलेली आहे ना. बिडी लई ओढतो. कंबरेचा मणका दबलाय म्हणून कुणीतरी पट्टा दिलाय.

फिजिओ_अंबाजोगाई:
पाटोद्याचे दादा, तुमचं आधी घेते कारण हे थांबण्यासारखं नाही. ठराविक अंतर चाललं की पोटरी आवळणं, नुसतं उभं राहिलं की सुटणं आणि परत तेवढ्याच अंतरावर येणं, हे रक्त कमी पोचण्याचं लक्षण आहे. बिडीनं पायाच्या धमन्या आवळतात, अरुंद होतात. मणक्याचं असतं तर बहुतेक वेळा नुसतं उभं राहून बरं वाटत नाही, बसावं किंवा पुढं वाकावं लागतं, आणि सायकल चालवताना त्रास होत नाही. चुलत्यांच्या दोन्ही पायांना हात लावून बघा, डावा गार लागतो का, बोटांवरचे केस गेलेत का, नखं जाड झालीत का. रात्री पडल्यावर पाय ठणकत असेल आणि खाली लोंबकळत सोडला की बरं वाटत असेल, किंवा एखादं बोट निळं-काळं पडत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना. तसं काही नसेल तरी या आठवड्यात अंबाजोगाईला स्वाराती मेडिकलला किंवा संभाजीनगरला घाटीत सर्जरीच्या ओपीडीला न्या. घोट्याचं आणि दंडाचं बीपी मोजून तुलना करतात, घोट्याचं दंडाच्या ०.९ पट किंवा त्याहून कमी आलं तर रक्तपुरवठ्याची अडचण धरतात, मग डॉपलर, म्हणजे पायातला रक्तप्रवाह बघायची सोनोग्राफी. आणि बिडी पूर्ण बंद, दिवसाला दोन पण नाही. ती चालू ठेवून गोळ्या घेतल्या तर पैसे पाण्यात. कंबरेच्या पट्ट्यानं यात काही होणार नाही.

आता निलंग्याचे दादा. नांदेडच्या भाऊंनी सुजेचं बरोबर सांगितलं. दोन्ही पायांना सारखी, संध्याकाळी येणारी, सकाळी उतरणारी सूज गोळीनं होते, उभं राहण्याच्या कामानं आणि फुगलेल्या शिरांनी पण होते. डॉक्टरांकडं जाल तेव्हा लघवी, क्रिएटिनिन हे पण करून घ्या, दम लागत असेल तर तेही सांगा, किडनी आणि हृदय बघायला लागतं. पण एकाच पायाची पोटरी अचानक सुजली, गरम लागली, दाबलं की दुखली, त्यातही ऑपरेशन, बाळंतपण, प्लास्टर किंवा लांबचा प्रवास झाल्यावर, तर ती रक्ताची गाठ असू शकते. तिथं चोळायचं नाही, मालिश नाही, सरळ दवाखाना. गाठ सुटून फुप्फुसात गेली तर जीवावर बेततं.

आगीसाठी शुगरच्या डॉक्टरांना तळव्याची तपासणी करा म्हणा. नायलॉनचा बारीक दोरा तळव्यावर ठिकठिकाणी टेकवून कळतंय का विचारतात, दोन मिनिटाचं काम आहे. आणि शुगरवाल्या माणसाचा पाय लाल, गरम, सुजलेला असून दुखत मात्र फारसा नाही, असं कधी दिसलं तर पाय टेकवू देऊ नका, आतली हाडं ढासळत असतात.

निलंग्याचा_पोरगा:
सगळ्यांचे आभार. शुगरच्या डॉक्टरकडं जाऊन आलो. दोऱ्याची तपासणी केली, दोन्ही पायांच्या अंगठ्याखाली आईला कळलंच नाही, ती म्हणायलीय लावला कुठं. बी १२ कमी आलंय, इंजेक्शन सुरू केलेत. बीपीची गोळी बदलून दिली. पाठमोरा फोटो काढला, उजवी टाच खरंच बाहेर कललेली आहे, आधी कधी लक्षच गेलं नव्हतं. हाडाच्या डॉक्टरची तारीख पुढच्या सोमवारची मिळालीय, उभं राहून एक्सरे मागतो. विटेचा शेक बंद, आईला ते पटलं नाही पण बंद.

एक अडचण आहे, आई अंगणवाडीत चप्पल घालंना, म्हणती लेकरांच्या खाण्याची जागा आहे, तिथं चप्पल कशी घालू.

गंगाखेडची_काकू:
मग तिथं घालायची जोडी वेगळी ठेव म्हणावं, कपाटात, बाहेर न्यायचीच नाही. मी देवघरात असंच करते. मागून पट्टा असलेली घे, नुसती सपाता घेऊ नको, बोटांनी धरून चालावं लागतं आणि तळवा अजून दुखतो. आणि आत हात घालून बघून मग पायात घालायची, खडा असला तरी तिला कळणार नाही आता.

भरती_करणार_हिंगोली:
मैदान भाऊ, पंजाएवढ्या पट्ट्यातच दुखतंय, एका जागी नाही, रात्री काही नाही. पळणं थांबवलं. तोवर सायकल चालवली तर चालंल का, दम तुटू नये म्हणून?

मैदान_परभणी:
चालंल की. नडगीला मार बसत नाही त्यात. सीट वर घे, गुडघा पूर्ण दुमडू देऊ नको, आणि गोळाफेकीचा सराव या दिवसात करून घे, तिकडं सगळे दुर्लक्ष करतेत.